सोसायटीची पाहणी, ५१ टक्क्यांची रेघ आणि केवलमूल्याचं समीकरण : कोथरूडमधल्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

आमची सोसायटी कोथरूडमध्ये, नऊ बिल्डिंगा, आठ बिल्डिंगांत ३६-३६ घरं आणि एकात २४, म्हणजे एकूण ३१२ सभासद. पुनर्विकासाची चर्चा बरीच वर्षं चाललीये आणि आता कमिटीला पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमायचाय, पण त्याची फी मोजायच्या आधी लोकांच्या मनात नक्की काय आहे ते कळायला हवं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्याप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सभेला आलेल्यांपैकी नाही, एकूण सभासदांपैकी. ३१२ चे ५१ टक्के १५९.१२ होतात, म्हणजे १६० माणसं हवीत. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

मे महिन्यात कमिटीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला होता. ९७ जणांनी भरला, त्यातले ६९ हो म्हणाले, म्हणजे ७१ टक्के. कोणीतरी एका ऑनलाईन कॅल्क्युलेटरमध्ये ९७ आणि ३१२ टाकून मार्जिन, म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते, काढलं, ते ८ आलं, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला की ७१ ± ८, म्हणजे कमीत कमी ६३ टक्के तरी पक्के. लगेच बिल्डरांचे फोन सुरू झाले, काही वयस्कर सभासद घाबरून गेले, एका काकूंनी तर घर विकायचंच काढलं.

मी गणिताच्या शिकवण्या घेते म्हणून सेक्रेटरींनी विचारलं की ही पाहणी नीट करून देता का. हो म्हटलं. या नोंदी त्यासाठीच लिहितेय, कारण पुण्यात आत्ता जिकडेतिकडे हेच चाललंय आणि प्रत्येक सोसायटीत असा एक कागद बोर्डावर लागलेला असतो.

आज ठरलेलं : चिठ्ठ्या टाकल्यासारखी १२० घरं रँडम निवडायची. ५१ टक्क्यांची रेघ मार्जिनच्या दोन टोकांच्या आत आली तर एकदाच दुसरी फेरी करायची आणि त्यानंतर थांबायचं, आकडा काहीही येवो. हे कागदावर लिहून कमिटीच्या दोघांच्या सह्या घेतल्या. सह्या कशाला ते पुढे कळेल.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच की ३१२ तर घरं आहेत, सगळ्यांनाच विचारा की. विचारायचंच आहे शेवटी. पण जवळजवळ एक तृतीयांश घरं भाड्याने दिलेली आहेत, मालक कोणी बाणेरला, कोणी सिंगापूरला, एकेकाला गाठायला आठवडा जातो, आणि पीएमसीचा निर्णय जुलैत हवाय. सॅम्पल त्यासाठी.

३ जून, मंगळवार

मदतीला चौघं आहेत, दोन कॉलेजची मुलं, एक दहावीत गेलेली मुलगी आणि बँकेतून रिटायर झालेले खजिनदार काका. दारोदार जायच्या आधी या चौघांना मार्जिन म्हणजे काय ते पक्कं समजायला हवं होतं, कारण दारात उभं राहिल्यावर लोक तेच विचारणार.

सुरुवात बोर्डावरच्या त्या कागदापासूनच केली. ७१ ± ८ हे समीकरण म्हणून लिहायचं तर

|क्ष − ७१| = ८

क्ष म्हणजे ३१२ पैकी खरोखर हो म्हणणाऱ्यांचा टक्का, जो आपल्याला माहीत नाही. दोन उभ्या रेघांच्या मधलं ते केवलमूल्य, म्हणजे क्ष आणि ७१ यांच्यातलं अंतर, दिशा न बघता. दहावीतल्या मुलीने लगेच सोडवलं, क्ष − ७१ = ८ किंवा क्ष − ७१ = −८, म्हणून क्ष ७९ किंवा ६३. नववीच्या पुस्तकात वास्तव संख्यांच्या प्रकरणात हे आहेच, मुलं तेवढ्या मार्कांपुरतं करतात आणि पुढे सोडून देतात, वाईट वाटतं कारण रोजच्या पेपरात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं समीकरण हेच आहे.

इथे खजिनदार काकांनी फार चांगला प्रश्न काढला. "म्हणजे मॅडम, खरा आकडा एकतर ७९ आहे नाहीतर ६३, असंच ना?" तसं नाही. बरोबरच्या चिन्हाने फक्त दोन टोकं मिळतात. खरा आकडा त्या टोकांच्या मधे कुठेही असू शकतो, त्यासाठी बरोबरच्या जागी लहान-किंवा-बरोबर लिहायचं, |क्ष − ७१| ≤ ८. समीकरण कुंपणाचे खांब दाखवतं, आतली जमीन दाखवत नाही. आणि मार्जिन ९५ टक्के खात्रीने काढतात, त्याचा अर्थ अशी रँडम सॅम्पलं पुन्हा पुन्हा घेतली तर साधारण २० पैकी १९ वेळा खरा आकडा त्या टोकांच्या आत सापडेल, एखाद्या वेळी बाहेरही असेल. हे काकांना पटलं, पण त्यांनी वहीत दोनच आकडे लिहिले होते ते खोडून मधे जाड रेघ ओढायला लावली.

उलटी बाजूही करून घेतली कारण पेपरवाले कधी कधी फक्त "४२ ते ५०" असं देतात. मध्य काढा, (४२ + ५०) ÷ २ = ४६, एका टोकापर्यंतचं अंतर ४, झालं, |क्ष − ४६| = ४.

आता त्या ७१ चं. समीकरणात काही चूक नाही, गोम आहे ती त्याच्या आधी. हे ± ८ फक्त एवढंच सांगतं की रँडम निवडीत नशिबाने किती इकडे-तिकडे होऊ शकतं. गूगल फॉर्म भरणारे रँडम निवडलेले नव्हते, ज्यांना उत्साह होता त्यांनी भरला. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे ते त्या ९७ मध्ये नाहीतच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९३६ सालच्या अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचं. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, साधारण २४ लाख परत आल्या, आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार, त्यांना ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांना जवळपास ६१ टक्के मिळाली. २४ लाखांवर नेहमीचं सूत्र लावलं तर मार्जिन ०.०६ टक्का येतं. चुकले किती? |६१ − ४३| = १८ टक्के. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या याद्यांतून, मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारे कोण ते उघड आहे, आणि त्यातूनही उत्तर पाठवणारे वेगळेच.

कॉलेजच्या मुलाने हे ऐकून बोर्डावरचा कागद काढूया म्हटलं. मी नको म्हटलं, आपला आकडा हातात आल्यावरच काढू.

७ जून, शनिवार

यादीचं काम, आणि पूर्ण सकाळ वाया गेली. एक्सेलमध्ये ३१२ घरांसमोर रँड फंक्शन टाकून लहान-मोठं लावलं, वरची १२० घरं घेतली, प्रिंट काढली. मग एका घराचा नंबर दुरुस्त केला आणि यादीच बदलली! रँड फंक्शन शीटमध्ये काहीही हलवलं की नवे आकडे काढतं, त्यामुळे स्क्रीनवरची यादी वेगळी आणि हातातल्या कागदावरची वेगळी, आणि एका मुलाने स्क्रीनवरून फोनवर फोटो घेऊन चार घरं करूनही टाकली होती. ती चार बाजूला ठेवली. उपाय साधा आहे, आकडे आले की पूर्ण कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज करायचा आणि मगच सॉर्ट. त्या यादीवर तारीख टाकून पीडीएफ सेक्रेटरींना मेल केली म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की घरं हवी तशी निवडली.

झेरॉक्स, पेनं आणि दोन पॅड मिळून ३४० रुपये.

८ जून, रविवार

पहिला दिवस दारोदार. यंदा पाऊस मे महिन्यातच आला त्यामुळे कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फिरावं लागलं. प्रश्न एकच ठेवलाय, "पुनर्विकासाला आज लेखी संमती द्याल का?" उत्तरं तीन, हो, नाही, अजून ठरलं नाही. "पुनर्विकास चांगला वाटतो का" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, मोठं घर कोणाला नको, पण त्या हो ला अर्थ नाही.

संध्याकाळी फॉर्म गोळा करताना लक्षात आलं की बी बिल्डिंगमध्ये बंद घरांच्या जागी शेजारचं घर घेतलंय. मुलांनी चांगल्या मनाने केलं, आकडा पूर्ण व्हावा म्हणून. पण बंद घर आणि उघडं घर यांत फरक असतो. बंद घराचा मालक बाहेर राहतो, त्याच्यासाठी हे घर म्हणजे गुंतवणूक, आणि शेजारचे आजी-आजोबा तीस वर्षं इथेच राहतात, त्यांना भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षं काढायची धास्ती असते. दोघांची उत्तरं सारखी येणारच नाहीत. ते सगळे बदली फॉर्म रद्द केले. दुसरा घोळ, काही ठिकाणी भाडेकरूंनीच उत्तरं दिली होती, तीही रद्द.

आता नियम असा केला. यादीतलं घर ते घर, बदली नाही. मालक नसेल तर सोसायटीच्या रजिस्टरमधला नंबर लावायचा, तीन वेगवेगळ्या वेळी. तरी मिळाले नाहीत तर त्यांना "ठरलं नाही" मध्ये धरायचं. यावर कॉलेजच्या मुलीने हरकत घेतली की न भेटलेला माणूस म्हणजे ठरलं नाही असं कसं. तिचा मुद्दा बरोबर आहे, निवडणुकीच्या पोलमध्ये असं करून चालणारच नाही. पण आपल्याकडे कायद्याचा छेद ३१२ च आहे, जो हो म्हणून सही करत नाही तो त्या ५१ मध्ये मोजलाच जात नाही, मग तो विरोधात असो, गप्प असो की सिंगापूरला असो. आपण मोजतोय ते फक्त "हो" आणि "हो नाही". या एका गोष्टीमुळे आमचं काम पुष्कळ सोपं झालं.

१४ जून, शनिवार

पहिली फेरी पूर्ण. सिंगापूरवाल्यांसाठी खजिनदार काका पहाटे सहाला उठून फोन लावत होते, आपल्यापेक्षा ते अडीच तास पुढे.

१२० पैकी हो ६७. म्हणजे ५५.८ टक्के.

मार्जिन काढायची पद्धत, ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी. ०.९८ ला सॅम्पलच्या वर्गमुळाने भागायचं. ०.९८ म्हणजे १.९६ गुणिले ०.५, ९५ टक्के खात्रीसाठी आणि निम्मे-निम्मे मत असण्याच्या सगळ्यात वाईट परिस्थितीसाठी. १२० चं वर्गमूळ १०.९५, उत्तर ०.०८९ म्हणजे ८.९ टक्के. पण हे सूत्र लाखो मतदारांसाठी आहे. आपली वस्ती ३१२ ची आणि त्यातली १२० घरं आपण बघून झालोय, त्यामुळे मार्जिन कमी होतं. न विचारलेली घरं १९२, त्याला ३११ ने भागा (एकूण वजा १), वर्गमूळ घ्या, ०.७८६. याने गुणलं की ८.९ चे ७.० होतात. लहान सोसायटीत हा गुणाकार विसरू नका, फुकट मिळणारी अचूकता आहे ती.

|क्ष − ५५.८| = ७

टोकं ४८.८ आणि ६२.८.

फळ्यावर संख्यारेषा काढली, ४० ते ८०. ५५.८ ला टिंब, दोन्ही बाजूंना ७ ची रेघ, आणि ५१ वर लाल खडूने उभी रेघ. लाल रेघ आत पडली. टोकं न काढताही हे तपासता येतं, ५१ आणि ५५.८ मधलं अंतर बघायचं, |५१ − ५५.८| = ४.८, ते ७ पेक्षा कमी म्हणजे रेघ आत. एक्सेलमध्ये एबीएस फंक्शनने एका सेलचं काम आहे.

त्याच रेषेवर वरच्या बाजूला गूगल फॉर्मचं ६३ ते ७९ काढलं. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, मधे फट. सगळे जरा वेळ त्या फटीकडेच बघत होतो. एकच सोसायटी, मधे जेमतेम महिना, आणि फरक फक्त कोणाला विचारलं याचा. आज संध्याकाळी सेक्रेटरींनी बोर्डावरचा कागद स्वतः काढला.

रेघ आत आली म्हणजे ठरल्याप्रमाणे दुसरी फेरी. किती घरं? ५५.८ टक्काच राहिला असं धरलं तर मार्जिन ४.८ च्या खाली आणावं लागेल, हिशेबाने एकूण १७९ घरं येतात. टक्का थोडा हलणारच, म्हणून हात राखून एकूण २०० ठरवली, म्हणजे आणखी ८०. दोन फेऱ्या केल्या की ९५ टक्के खात्री थोडी सैल होते, हे अहवालात लिहायचं असं आत्ताच ठरवून टाकलं.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या, दहावीची मुलगी आता फक्त संध्याकाळी. तिने येताना प्रश्न आणला. पेपरात एका पोलमध्ये एकाला ४२ आणि दुसऱ्याला ३९, मार्जिन ३, तर पहिला पुढे आहे असं म्हणायचं का? आकडे तिनेच बनवलेले होते, पण प्रश्न एकदम खरा. तिने दोन समीकरणं लिहून आणली होती, |क्ष − ४२| = ३ म्हणून ३९ ते ४५, |य − ३९| = ३ म्हणून ३६ ते ४२, आणि दोन्ही एकमेकांत घुसतात म्हणून सांगता येत नाही. उत्तर बरोबर, फक्त रस्ता थोडा कच्चा. आघाडीचं मार्जिन वेगळं काढायला लागतं, कारण एकाची मतं चुकून वाढली की दुसऱ्याची बहुतेक त्याच वेळी कमी होतात. मार्जिन ३ म्हणजे सॅम्पल साधारण १०६७ चं, त्यात या दोघांच्या आघाडीचं मार्जिन सुमारे ५.४ येतं, ३ च्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे |आघाडी − ३| = ५.४, टोकं उणे २.४ आणि ८.४. उणे टोक म्हणजे पहिला मागेही असू शकतो. शून्य कुठे पडतंय ते बघायचं, जसं आपण ५१ बघतोय.

मग काकांनी गेल्या वर्षीची लोकसभा काढली. १ जून २०२४ ला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होते आणि ४ जूनला २९३ आल्या, मग मार्जिन कुठे गेलं? मार्जिन असतं मतांच्या टक्क्याचं. जागांचा आकडा त्यावरून अंदाजाने काढतात, आणि आपल्याकडे एक-दोन टक्के मतं सरकली की ढीगभर जागा फिरतात. टीव्हीवर जागांचे आकडे मोठे करून दाखवतात, त्याखाली सॅम्पल किती आणि कसं घेतलं हे शोधून सापडत नाही. माझ्या मते ते सांगत नसतील तर तो आकडा ऐकूच नये.

२० जून, शुक्रवार

काम बंद. दोन्ही पालख्या आज पुण्यात, माऊलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, उद्याही मुक्काम. निम्मी सोसायटी दर्शनाला नाहीतर वारकऱ्यांच्या सेवेला, कॉलेजची दोन्ही मुलं चहा-बिस्किटांच्या स्टॉलवर. या दिवसांत दार वाजवून जे घरी सापडतील त्यांनाच विचारलं तर पुन्हा तोच बी बिल्डिंगचा प्रकार होईल. रविवारी पालख्या पुढे निघाल्या की सोमवारपासून सुरू. पुण्यात जूनमध्ये पाहणी करणाऱ्यांनी हा आठवडा आधीच सोडून द्यावा.

२९ जून, रविवार

दुसरी फेरी संपली. आज संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. १९३१ मध्ये कलकत्त्याला भारतीय सांख्यिकी संस्था त्यांनी काढली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. पुण्यातही गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी घरोघरी जाऊन या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली होती, तीही स्वातंत्र्याच्या आधी, कॅल्क्युलेटर नसताना. मुलांना हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना.

आकडा : दुसऱ्या ८० मध्ये हो ४३. एकूण २०० पैकी ११०. बरोबर ५५ टक्के. नाही ६१, ठरलं नाही किंवा भेटले नाहीत असे २९.

मार्जिन : ०.९८ भागिले २०० चं वर्गमूळ, ६.९३ टक्के. उरलेली घरं ११२, भागिले ३११, वर्गमूळ ०.६००. गुणाकार ४.१६.

|क्ष − ५५| = ४.१६

टोकं ५०.८४ आणि ५९.१६. लाल रेघ ५१ वर. |५१ − ५५| = ४, आणि ४ हे ४.१६ पेक्षा कमी. रेघ आतच, पण अगदी काठावर.

इथून पुढचा तासभर नुसता वाद. एका कमिटी मेंबरांचं म्हणणं, ४.१६ चे ४ करा, मग टोकं ५१ आणि ५९, आणि "किमान ५१" पूर्ण झालंच की! पूर्णांक करणं चालतं, सगळे पोल करतात, पण जिथे निर्णय काठावर आहे तिथे दशांश टाकून द्यायचा नाही, कारण टाकलेल्या त्या ०.१६ मध्येच सगळं उत्तर बसलंय. टक्क्यांऐवजी माणसांत लिहिलं तेव्हा सगळ्यांना पटलं. ३१२ चे ५५ टक्के १७२, आणि ४.१६ टक्के म्हणजे १३ माणसं.

|क्ष − १७२| = १३

१५९ किंवा १८५. आणि लागतात १६०. एका माणसाने कमी पडतं खालचं टोक. हे समीकरण फळ्यावर आल्यावर मेंबर गप्प बसले.

मग दुसरा मुद्दा आला आणि तो जास्त अवघड. कॉलेजच्या मुलाने शीटमध्ये आकडे फिरवून बघितलं की ५५ टक्काच राहिला तर मार्जिन ४ च्या खाली जायला एकूण २०६ घरं पुरतात. म्हणजे सहाच घरं अजून. "मॅडम, सहाच तर घरं आहेत, आत्ता जाऊन येतो." गणित त्याचं बरोबर आहे. पण मनासारखा निकाल दिसेपर्यंत एकेक घर वाढवत जायचं आणि रेघ बाहेर पडली की तिथे थांबायचं असं केलं तर ते ९५ टक्के राहतच नाहीत, कारण आकडा मधूनमधून नुसत्या नशिबानेही रेघेच्या बाहेर जातो आणि आपण नेमकं तेव्हाच थांबलेलो असतो. विरोधातल्यांनी हेच उलट बाजूने केलं असतं तर आपण मान्य केलं असतं का? १ जूनला सह्या घेतल्या होत्या त्या यासाठी. तो कागद काढला, वाचला, विषय संपला. मुलगा नाराज झाला, पण कागदावर त्याच्यासमोरच सह्या झाल्या होत्या.

बिल्डिंगवार टक्के मागणारेही आले. सी बिल्डिंगमध्ये ३६ पैकी २२ घरं सॅम्पलमध्ये आली, हो १४, म्हणजे ६४ टक्के. पण २२ वर मार्जिन सुमारे १३ येतं, टोकं ५१ आणि ७७ च्या आसपास. एवढ्या रुंद पट्ट्यावरून "सी बिल्डिंग तयार, एफ बिल्डिंग अडून बसलीये" असं कोणी बोलायला लागलं तर उगाच भांडणं होतील. शिवाय कोण काय म्हणालं हेही ओळखता येईल. बिल्डिंगवार आकडे अहवालात दिले नाहीत, देणारही नाही.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी म्हणून सभा आजच घेतली. अहवाल एका पानाचा. वर प्रश्न जसाच्या तसा, मग किती घरं, कशी निवडली, किती भेटले नाहीत, मग समीकरण, मग संख्यारेषा लाल रेघेसकट. खाली एक ओळ की हे मार्जिन फक्त निवडीतल्या नशिबाचं आहे, लोकांनी दारात एक सांगून सही करताना दुसरं केलं तर ते यात नाही.

एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे हो की नाही ते सांगा ना." सांगितलं की जास्त लोक हो च्या बाजूला आहेत हे दिसतंय, पण १६० होतील हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मग त्यांना दुसरा हिशेब दाखवला, ज्यात मार्जिनच नाही. ११० जणांनी हो म्हटलेलं आहेच. १६० ला ५० कमी. न विचारलेली घरं ११२. त्या ११२ मधून ५० हो मिळाले, म्हणजे साधारण ४५ टक्के, की झालं. शिवाय जे २९ ठरवायचे आहेत तेही आहेत. हे सगळ्यांना ताबडतोब समजलं आणि सभेचा सूरच बदलला, कारण आता प्रश्न टक्क्यांचा न राहता ५० घरांचा झाला.

ठरलं असं की पीएमसीची फी आत्ता भरायची नाही. आधी उरलेल्या ११२ घरांना विचारायचं, सगळ्यांना, त्यामुळे आता मार्जिन नाही की समीकरण नाही, सरळ मोजणी. २९ जणांकडे खजिनदार काका स्वतः जाणार आहेत. काकूंनी घर विकायचं तूर्तास थांबवलंय. एकूण खर्च छपाई, फोन आणि चहा धरून १,२१० रुपये आला, तो सोसायटीने दिला, आणि वेळ मात्र ठरवल्यापेक्षा दुप्पट लागला, त्यातला बराचसा बदली घरांचे फॉर्म पुन्हा करण्यात.

एक प्रश्न उघडा राहिलाय. ज्या ११० जणांनी जूनमध्ये हो म्हटलं त्यातल्या दोघांनी काल फोन करून सांगितलं की मुलांशी बोलून परत कळवतो. त्यांना आत्ता हो मध्येच ठेवलंय आणि नावासमोर पेन्सिलने खूण केलीये. लेखी संमतीचे फॉर्म फिरतील तेव्हा या दोघांकडे सगळ्यात आधी जायचं.